अर्जुनाचा विषाद आणि घरातले लेकरू

गीतेचा पहिला अध्याय आपण बहुधा घाईने ओलांडतो. ज्ञान पुढे आहे, येथे नुसते रडणे, अशी समजूत. परंतु परंपरेने त्या रडण्यालाही ‘योग’ म्हटले आहे, अर्जुनविषादयोग. अर्जुन काय सांगतो ते नीट ऐका. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, कातडी भाजते, हातातले गांडीव निसटते, उभे राहवत नाही, मन भ्रमते. हे तत्त्वज्ञान नव्हे, ही दुखण्याची लक्षणे होत. आजचा मनोविकारतज्ज्ञही अगोदर हेच विचारतो की, बाबा, झोप लागते का, अन्न गोड लागते का, छाती धडधडते का?

असा विषाद थोरांनाच होतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वर्षांच्या मुलांत सातांपैकी एकाला काही ना काही मनोविकार असतो. पण लेकरू ‘मला विषाद झाला’ असे म्हणत नाही. त्याचे पोट नेमके शाळेच्या सकाळी दुखते. पोरगी मैत्रिणींत जाईनाशी होते. पोरगा उगाच अंगावर येतो, रात्र रात्र जागतो, आवडता खेळ टाकून भिंतीकडे तोंड करून पडतो. दोनचार दिवस असे झाले तर सोडून द्यावे. दोन आठवडे सरले तर दुखणे समजावे.

तेव्हा आपण काय करतो? कीर्तन आटोपले की आईबाप पोराला दंडाला धरून पुढे आणतात. “महाराज, याच्या गळ्यात माळ घाला आणि चार शब्द सुनवा.” माळ घालू, आनंदाने घालू. पण सुनावण्याचे काय? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनीही अर्जुनाला सुनावले आहे, चांगले दोन श्लोक, तेही कडक. फळ काय झाले? अर्जुन उठला नाही. ‘लढणार नाही’ म्हणाला आणि गप्प झाला! प्रत्यक्ष भगवंतांच्या सुनावण्याने जे झाले नाही, ते तुमच्या-आमच्या सुनावण्याने कसे व्हावे? माउलींनी तेथे भगवंतांना वैद्याची उपमा दिली आहे, हेही ध्यानात घ्या. पुढे भगवंत हसून बोलू लागले ते थेट अठराव्या अध्यायापर्यंत. अर्जुनाने मध्ये किती शंका घेतल्या! एकदाही ‘पुरे कर’ म्हटले नाही, आणि शेवटी निर्णय त्याच्याच हाती ठेवला.

मानसोपचाराची रीत याहून फार दूर नाही. फार लहान मुलाला शब्द सापडत नाहीत, म्हणून त्याला खेळातून, चित्रातून बोलते करतात. मोठ्या मुलाशी विचार तपासण्याचे काम चालते. ‘गणितात नापास झालो’ ही घटना. ‘मी कशालाच लायक नाही’ हा तिच्यावर मनाने चढवलेला आरोप. आमच्या वेदान्तात याला अध्यास म्हणतात, दोरीवर साप भासावा तसा. आता “साप नाही रे!” असे लांबून ओरडून भय जात नाही. दिवा घ्यावा, पोराचा हात धरावा आणि एकेक पाऊल दोरीजवळ न्यावे. म्हणूनच हे उपचार एका भेटीत होत नाहीत. आठवड्यास एक बैठक, अशा पुष्कळ बैठकी लागतात. दुखणे जड असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. त्यात लाज कसली?

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नका. पोर ‘जगून काय करू’ असे बोलले, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे जवळ बसवून स्पष्ट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती खोटी आहे. उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नका. फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवा, निदान कुलुपात घाला. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस दूरध्वनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची चौकशी करावी.

कोणी म्हणेल, महाराज, नामाने होत नाही काय? अहो, शेतात पान लागले तर आपण नाम घेत घेतच दवाखाना गाठतो ना? नाम सुटत नाही आणि इंजेक्शनही चुकत नाही. येथेही तसेच. काही घरी आषाढीची वारी आली की पोराच्या गोळ्या बंद करतात, ‘आता माउलीच बघतील’ म्हणून. हे अगदी करू नये. या गोळ्या मनाने एकाएकी तोडल्या तर दुखणे उलटते. पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या मोजून, चिठ्ठीसह आईच्या पिशवीत ठेवाव्यात, पावसात भिजू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आणि दिंडीतल्या एका जाणत्या माणसाच्या कानावर घालून ठेवावे.