आधी झाडं मोजा, मग घर आखा

उताराच्या जमिनीवर घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. नकाशा पक्का होईपर्यंत रानात जेसीबी घालू देऊ नका. घराचं आणि झाडांचं जे बरंवाईट व्हायचं, ते पाया खणण्याआधी सपाटीकरणातच होऊन जातं.

म्हसवडच्या बाहेर आमची वडिलोपार्जित माळाची जमीन आहे. वर मुरमाड, खाली ओढ्याकडे काळी. तिथं आजोबांच्या वेळचे दोन लिंब, एक चिंच आणि बांधाला बोरी-बाभळी. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा परतीचा. अशा माणदेशात एवढी सावली ही दौलतच. घर या झाडांना धरून बांधायचं ठरलं होतं. पण आम्ही पुण्यात असताना ठेकेदारानं काम सोपं जावं म्हणून वरचा माळ कापला आणि मुरूम खालच्या अंगाला लोटला. थोरल्या लिंबाच्या बुंध्याशी कमरेएवढी भर पडली. फांदी एकही तुटली नव्हती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या चैत्रात लिंब नेहमीसारखा फुलला. त्यानंतरच्या वर्षी पालवी विरळ आली, शेंडे वाळले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात झाड उभं वाळून गेलं. वाळवी लागली, असं गावात म्हणत होते. भर उकरली तेव्हा बारीक मुळं काळी पडून हातात सुटून आली. झाडाला अन्नपाणी पुरवणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. त्यांना हवा लागते. वर मुरूम टाकून तो दाबला की ती गुदमरतात. साठवलेल्या अन्नावर झाड वर्ष-दोन वर्षं तग धरतं, म्हणून खरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याच भरावावर घातलेला ओटाही पुढं परतीच्या पावसात खचला. कापलेल्या मुरमावर घर टिकतं. भरावावर टेकलेली बाजू खाली बसते आणि भिंतीला तिरपी भेग जाते.

म्हणून सुरुवात मोजणीपासून करा. वास्तुविशारदाकडून जमिनीच्या समपातळी रेषा काढून घ्या. प्रत्येक झाडाचं ठिकाण, बुंध्याचा घेर, फांद्यांचा पसारा आणि बुंध्याशी जमीन किती उंचीवर आहे, हे नकाशावर लिहून घ्या. यातला शेवटचा आकडा मी सर्वांत मोलाचा मानतो, कारण तोच पुढं बदलू द्यायचा नसतो. मग एका जोरदार पावसात जागेवर उभे राहा. पाणी कुठून उतरतं, कुठं फुटतं ते पाहा आणि उघाड पडताच त्या वाटेवर फक्की मारा. त्या वाटेवर खोली नको.

घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवा आणि जिथं उतार जास्त तिथं जोतं पायरीपायरीनं उतरवा. मात्र घरात म्हातारी माणसं असतील तर झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम एकाच पातळीवर हवं, यात तडजोड करू नका. मुळांच्या टापूत सलग चर खणण्यापेक्षा सुटे खड्डे हातानं खणून कॉलम घ्या आणि वरून बीम टाका. मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा सरकवा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती टेकडीचा उतार आणि झाडं सांभाळत बांधल्या. जमलं तर तो परिसर पाहून या.

उतार धरून ठेवायची विद्या तर आपल्याच शिवारात आहे. दगडी ताल (उताराला आडवा बांध) कोरडी रचतात, तिच्या फटींतून पाणी झिरपतं, आणि जास्तीचं सांडव्यावरून जातं. सिमेंटची भिंत घातलीत तर तिला पाणी निघायला जागोजाग भोकं आणि मागं दगडगोट्यांची भर हवीच. नाहीतर मागं तुंबलेलं पाणी तिला फुगवतं. दगड रचणारे कारागीर अजून आहेत, त्यांना आधी विचारा.

चिंच वाचली ती पश्चिमेला होती म्हणून. यंत्र तिकडं पोचलंच नाही. आता दुपारचं ऊन ती अडवते. चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडं तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते, हेही माहीत असू द्या. लिंबाखाली छप्पर येत असेल तर पन्हळ रुंद आणि हात घालून साफ करता येईल अशी ठेवा. शिशिरात पाला एवढा पडतो की अरुंद पाइप तुंबतोच. शंभर चौरस मीटर छतावर आपल्याकडच्या पावसात वर्षाला सुमारे चाळीस हजार लिटर पाणी टाकीत उतरू शकतं. टाकी भरून वाहिली की ते पाणी झाडांच्या तालीत सोडा.

करारात चार गोष्टी लेखी घ्या. फांद्यांच्या घेराबाहेर कामाआधी पत्र्याचं कुंपण पडेल. त्याच्या आत विटा, वाळू, मिक्सर येणार नाही, सिमेंटचं पाणी ओतलं जाणार नाही. मजुरांच्या सावलीसाठी वेगळा मांडव होईल, कारण तो नसला की सगळा पसारा लिंबाखालीच येतो. आणि बुंध्याजवळची पातळी नकाशाबरहुकूम असल्याशिवाय पहिला हप्ता दिला जाणार नाही.