दुकानाची पायरी

मुलांनो, वही घ्यायला तुम्ही दुकानात जाता. दाराशी एक पायरी असते. तुम्ही ती सहज चढता. पण चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या माणसाला तीच पायरी भिंतीसारखी अडवते. तो रस्त्यावरूनच हाक मारतो. दुकानदार वस्तू बाहेर आणून देतो. मात्र चार वस्तू पाहून आपल्या पसंतीची निवडणे त्याला जमत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे उतार. उतार पायरीच्या उंचीच्या किमान बारा पट लांब असावा. पायरी १५ सेंटीमीटर उंच असेल, तर उतार १८० सेंटीमीटर हवा. आखूड उतार फार चढा होतो आणि खुर्ची मागे घसरते. दारापुढे कायमचा उतार बांधायला जागा नसेल, तर लोखंडी उतार गरजेपुरता लावून पुन्हा उचलून ठेवता येतो. दार ९० सेंटीमीटर रुंद असावे. आतल्या वाटेत पोती, खोकी ठेवू नयेत.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, त्याने दिव्यांगांची सोय केली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. म्हणून दुकानात जाता येणे हा त्यांचा हक्क आहे.

अशा ग्राहकाला मदत करण्यापूर्वी त्याला विचारा. न विचारता खुर्ची ढकलू नका. सोबतच्या माणसाशी न बोलता त्याच्याशीच बोला.

उपक्रम : शाळेजवळच्या पाच दुकानांच्या पायऱ्यांची उंची मोजा. प्रत्येक दुकानाला किती लांब उतार लागेल, ते वहीत लिहा.