बाळंतविड्यात या वेळी सीट

झबली-टोपरी किती लागतील याची मोजदाद तुझी आई करते आहे, करू दे. वाळे-मनगट्यांचं सोनाराकडे सांगून झालंच आहे. माझ्याकडून मात्र बाळंतविड्यात गाडीतली सीट येणार, आणि ती बाळ यायच्या आधी घरात आली पाहिजे. तुम्ही दोघं हिशेब करताय तो साताऱ्याहून ठाण्याला जायच्या दिवसाचा. बाळाचा पहिला प्रवास दवाखान्यातून घरी येतानाचा असतो. 'एवढ्याशा अंतराला कशाला?' म्हणणारे ढिगाने भेटतील. माझी उभी हयात एसटीचं स्टिअरिंग धरण्यात गेली, म्हणून सांगतो, गाडी ठोकायला हायवे लागत नाही. पोवई नाक्यावर एखादी रिक्षा आडवी आली तरी पुरतं.

आईची मांडी पाळण्यापाशी ठीक, गाडीत नाही. ताशी 50 च्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून थांबते, तेव्हा आतलं सगळं त्याच वेगाने पुढे जात असतं. बाळाच्या वजनाच्या वीसपट, कधी त्याहून जास्त ओढ हातांवर येते. पाच किलोचं बाळ म्हणजे त्या क्षणी सिमेंटच्या दोन गोण्या. कुठली आई धरील? आणि दोघांभोवती मिळून एकच बेल्ट लावायचा, हे तर त्याहून वाईट. आईचं सगळं वजन मधल्या बाळावर येतं. मागे बसणाऱ्या मोठ्यांनीही बेल्ट लावायचा. बेल्ट न लावलेला मोठा माणूस मागून पुढे फेकला जातो आणि वाटेत जो असेल त्याला चिरडतो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, तेव्हा मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. गाडी कितीही भारी असली तरी बेल्ट लावल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

जावईबापू, आता खरेदीचं तुमच्याकडे. ऑनलाइन कापडी गादी आणि चार पट्टे विकतात, खुर्चीला बांधायचे. दिसायला गोड, किमतीला स्वस्त, आणि धडकेत काडीचा उपयोग नाही. सीटवर शिक्का बघा: आपल्याकडचा एआयएस 072, नाहीतर युरोपचं नारिंगी लेबल, गोलात ई आणि खाली आर44 किंवा आर129. हे नसेल तर दुकानदार काहीही सांगो, उठून या.

बाळाला आधी दुसऱ्या बाळाची जुनी झबली घालायची आपली रीत आहे, ती पाळा. सीटच्या बाबतीत मात्र जुनं नको, म्हणजे ओळखीतलं आणि सगळा इतिहास ठाऊक असलेलं नसेल तर नकोच. एकदा अपघात सोसलेल्या सीटच्या प्लास्टिकला आतून तडा जातो, वरून कव्हर धुऊन दिलं की नवीकोरी दिसते. शिवाय सीटच्या पाठीवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि किती वर्षं वापरायची तेही बहुधा लिहिलेलं असतं. चुलत्याच्या माळ्यावरची सीट फुकट मिळते म्हणून आणायच्या आधी ती उलटी करून बघा.

दांडीवाली टोपलीसारखी सीट साधारण 13 किलोपर्यंत चालते. ती बाळासकट उचलून नेता येते हे खरं, पण आपल्याकडे उचलायला इतके हात टपलेले असतात की त्या दांडीचे पैसे मला तरी वाया वाटतात. जन्मापासून 18 किलोपर्यंतची, आधी उलटी (म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला) आणि नंतर सुलटी बसणारी सीट घ्या. मात्र तान्ह्या बाळासाठी आतली उशी तिच्यासोबत येते ना, हे बघा. आणि गाडी घेऊनच दुकानात जा. मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत बोटं घाला, लोखंडी कडी लागली तर आयसोफिक्स आहे. सीटचे दोन दांडे त्यात खटकन बसतात आणि खूण हिरवी होते. कड्या नसतील तरी बेल्टने बसणारी सीट चालते, फक्त बेल्ट खांद्यावरून येणारा, तीन टोकांचा हवा आणि सीटभोवती पुरेल इतका लांब हवा. पुष्कळ गाड्यांत मागे मधोमध नुसता कमरेचा बेल्ट असतो, तिथे ती बसवू नका. लहान गाडीत उलटी सीट जागा खाते. पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर दुसरं मॉडेल बघा. डाव्या बाजूला मागे बसवलीत तर बाळाला फुटपाथच्या बाजूने काढता येतं.

पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, उलटी सीट कधीही नाही. डोळा लवायच्या आत उघडणारी ती पिशवी थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आता बसवणं. इंजिनिअर असलात तरी माहितीपुस्तक आधी वाचा. गाडी सपाट जागी उभी करा, कारण कललेल्या अंगणात सीटवरची कोनाची रेघ खोटं सांगते. बेल्टने बसवणार असाल तर सीटमध्ये गुडघा रोवून वजन टाका आणि मग पट्टा ओढा, नुसत्या हाताने पुरेसा आवळला जात नाही. नंतर जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा. एका इंचाहून जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. तान्ह्या बाळाला इतकं रेललेलं बसवा की हनुवटी छातीवर पडणार नाही. पडली तर श्वासाची वाट दबते.

पट्ट्यांचं मात्र तुझ्याकडे, बाळा, कारण रोज ते तूच लावणार आहेस. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यायला हवेत. बक्कल लावून पट्टा ओढला, की गळ्याच्या हाडापाशी तो चिमटीत धरून बघ. चिमटीत घडी आली तर सैल आहे. बोटं नुसती घसरली तर बरोबर. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ सीटमध्ये बसत नाही, पायांमधून पट्टा यावा लागतो. जाड स्वेटर, कुंची, खाली गोधडीची घडी, यातलं काहीही पट्ट्याच्या आत नको. धडकेत ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी बांध, मग वरून दुपटं घाल. गळ्यातली साखळी गाडीत काढून ठेव. तीट लावलीस तरी माझी हरकत नाही, तिने पट्टा सैल होत नाही.

उन्हात उभ्या गाडीत बक्कल तापून चटका देतं, आधी हात लावून बघायचं. आणि बाळाला गाडीत एकटं ठेवून 'दोन मिनिटांत आलोच' हे कधी नाही, काच खाली असली तरी नाही.

ठाण्याला निघाल तेव्हा दर दीड-दोन तासांनी थांबा. एक थांबा शिरवळच्या आसपास, पुढचे एक्स्प्रेसवेवर फूड मॉलला. रस्त्याकडेच्या पट्टीवर कधीच नको. थांबलं की बाळाला बाहेर काढ, पाज, पाठ मोकळी करू दे. चालत्या गाडीत पाजायचं नाही. बाळ रडेल, हे धरूनच चाला. तू शेजारी बस, हात दे, गाणं म्हण. पट्टा मात्र गाडी थांबल्यावरच सुटेल. घरी पोचल्यावर झोपलं असेल तर झोपमोड झाली तरी चालेल, पाळण्यात पाठीवर सपाट निजव. सीट ही निजायची जागा नव्हे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं, आणि लगेच 'आता सुलटं बसवा, त्याला बाहेर बघू दे' सुरू होतं. मान धरली म्हणजे मान पक्की झाली असं नाही. डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते पुढे झटकलं गेलं की सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसलेलं बाळ पाठीवर झेलतं. युरोपच्या आर129 नियमात निदान पंधरा महिने उलटं बसवणं सक्तीचं आहे. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत बसवतात. पाय दुमडले तरी बिघडत नाही, पोरं पाय दुमडूनच सुखात असतात.

राहिले नातेवाईक. आत्या म्हणेल 'दे इकडे, घाटात घाबरेल'. तुझे सासरे म्हणतील 'आम्ही चार पोरं वाढवली'. त्यांच्याशी वाद घालू नकोस. कायद्यात चौदा वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तर हजार रुपये दंड आहे, एवढं जावईबापूंनी हसत सांगावं. दंडाने भागलं नाही तर बाबांनी बजावलंय म्हणून सांग, त्यांचा राग मी घेतो. तरी कुणी बाळ मांडीवरून देईना, तर गाडी सुरू करू नका. मला फोन लावा आणि त्यांच्या हातात द्या.