बंद खोलींतील शेगडी आणि हिंवाळ्यांतील ऊब

कुर्ल्यासारख्या मुंबईच्या उपनगरांत घर ऊबदार राखण्याचा प्रश्न काढला तर पुष्कळांस हंसूं येईल. समुद्र जवळ असल्यामुळें तेथील पौषांतील रात्रहि घाटमाथ्याच्या मानानें सौम्यच असते. सांताक्रूझ येथें नोंदलेलें ७.४ अंश सेल्सिअस हें नीचांकी तपमान जानेवारी १९६२ मधील आहे, व तितकी थंडी तेथें पुन्हां पडलेली नाहीं. परंतु आपल्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें नोकरीनिमित्त कुर्ला, घाटकोपर, मुलुंड येथें बिऱ्हाड करून आहेत. तेथें बाळंतपण निघालें कीं गांवाकडील आजी ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि शेगडी घेऊन गाडींत बसते. गांवीं जी शेगडी पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली, ती शहरांतील बंद खोलींत काय करते, हें शेतकरी कुटुंबांस कोणी समजावून सांगितलेलें आढळत नाहीं. म्हणून हा लेख.

आमची शेती निफाड तालुक्यांत आहे आणि मुलाचें बिऱ्हाड कुर्ल्यास. सूनबाईंच्या दुसऱ्या बाळंतपणास आमच्या सौभाग्यवती तेथें गेल्या, तेव्हां मार्गशीर्ष चालूं होता. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. एक दार आणि सरकत्या कांचेची एक खिडकी. बाळबाळंतिणीस वारा लागूं नये म्हणून दोन्ही बंद. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी. धूर मुळींच नव्हता, कारण कोळसा गॅलरींत चांगला फुलवून मगच आंत आणला होता. आणि धूर नाहीं त्या अर्थीं धोका नाहीं, अशी सर्वांची समजूत. मध्यरात्रीनंतर सूनबाई म्हणाल्या, "आई, डोकें फार जड झालें आहे, मळमळतें." सासूबाईंनीं त्याचा अर्थ थंडी बाधली असा घेतला आणि शेगडींत आणखी दोन मुठी कोळसा घातला! पहाटें मुलगा रात्रपाळीहून परतला, त्यानें किल्लीनें दार उघडलें, आणि हांक मारली तरी दोघींपैकीं कोणी धड उत्तर देईना, तेव्हां त्यानें सर्वांस ओढून बाहेर गॅलरींत आणलें. रुग्णालयांत प्राणवायु दिल्यावर तिघेंहि बरीं झालीं. तो आणखी दोन तास उशिरा आला असता तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही करीत नाहीं.

कोळसा हा बहुतेक शुद्ध कर्ब असतो. त्यास भरपूर हवा मिळाली म्हणजे त्याचा कर्बद्विप्राणिद वायु होतो. हवा अपुरी पडली, किंवा निखाऱ्यांचा थर जाड असला, म्हणजे त्याबरोबर कर्बएकप्राणिद हा दुसरा वायु निघतो. यास रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांस झोंबत नाहीं. आपल्या रक्तांतील जें तांबडें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत असूनहि अंगास प्राणवायु पोंचत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते, हातापायांतील बळ जातें, आणि झोपलेला मनुष्य झोपेंतच जातो. लांकडाचा धूर निदान खोकला आणून आपणांस जागें करतो. फुललेल्या निखाऱ्यांत तेवढीहि सूचना नसते. म्हणून बिनधुराची शेगडी अधिक निर्धास्त, ही समजूत अगदीं उलटी आहे.

थोडें गणित करून पाहूं. वर सांगितलेली खोली नऊ फूट उंच धरली तर तींत सुमारें तीस घनमीटर हवा मावते. एक किलो कोळसा पुरतेपणीं जळण्यास नऊ ते दहा घनमीटर हवेंतील सर्व प्राणवायु खर्च होतो, म्हणजे खोलीच्या एक तृतीयांश हवेचा. त्यांतील दहावा हिस्सा कोळसाच जरी अपुरा जळला, तरी बंद खोलींत कर्बएकप्राणिदाचें प्रमाण अर्ध्या टक्क्याहून वर जातें. आणि तेवढ्या प्रमाणांत कांहीं मिनिटांतच शुद्ध हरपते. खिडकीच्या फटींतून थोडी हवा येतजात असते म्हणून प्रत्यक्षांत इतक्या थरास गोष्ट बहुधा लवकर जात नाहीं, एवढेंच.

मग गांवीं आजवर कोणास कांहीं कां झालें नाहीं? कौलारू घराच्या कौलांकौलांतून, आढ्याखालील मोकळ्या जागेंतून, दाराच्या फळ्यांच्या फटींतून रात्रभर हवा खेळत असते. धाब्याच्या घरासहि धूर जाण्यास वर गवाक्ष ठेवलेलें असतें. आपल्या आज्या-पणज्यांनीं शेगडी वापरली ती अशा घरांत. तींत रीत चुकीची नव्हती. कुर्ल्याच्या खोलीस वर काँक्रीटची स्लॅब आणि खिडकीस बंद बसणारी कांच आहे, हा फरक झाला. गॅसच्या गीझरचेंहि तेंच. मुंबईंत आणि अन्यत्र बंद न्हाणीघरांत तो लावून स्नान करतांना माणसें दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा, आणि पाणी नळानें आंत घ्यावें.

आतां खर्चाकडे वळूं, कारण शेगडी घेतांना सर्वजण पुढें करतात तें कारण स्वस्ताईचें. येथें दर केवळ हिशेबापुरते धरले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे घालावे. विजेचा दर युनिटास १० रुपये आणि कोळसा किलोस ५० रुपये असें समजूं. एका युनिटांत ८६० किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो चांगल्या कोळशांत सुमारें ७,०००. म्हणजे एक किलो कोळसा आठ युनिटांच्या बरोबरीचा. पन्नास रुपयांत ऐंशी रुपयांचें काम. परंतु जीव वांचावा म्हणून खिडकी उघडी ठेवली कीं त्या उष्णतेचा मोठा भाग हवेबरोबर बाहेर जातो, आणि स्वस्ताई तेथेंच संपते. शेगडी एक तर स्वस्त असते, नाहीं तर निर्धोक. बंद खोलींत ती दोन्ही कधींच नसते.

विजेचा दोन हजार वॅटचा हीटर तासास दोन युनिटें खातो. सहा तासांची रात्र धरली तर बारा युनिटें, १२० रुपये. साठ रात्रींचे ७,२०० रुपये. एवढा खर्च कशावर होतो? छत, भिंती, कपाट आणि रिकामी हवा तापविण्यावर. मनुष्य त्या खोलीचा फार लहान भाग व्यापतो. याउलट दोन लिटर पाणी वीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत तापविण्यास ८० किलोकॅलरी, म्हणजे युनिटाचा दहावा भाग लागतो. तें रबरी पिशवींत भरून, पिशवी फडक्यांत गुंडाळून पायथ्याशीं ठेवली तर रुपयाभरांत पांघरूण ऊबदार होतें. दोन पिशव्या व दोन वेळां भरणें धरलें तरी साठ रात्रींचे २४० रुपये. (तान्ह्या मुलाच्या अंगास मात्र ही पिशवी कधींहि लागूं देऊं नये, त्याची कातडी फार नाजूक.)

काश्मिरी लोकांस हें तत्त्व फार पूर्वींच समजलें. ते घर न तापवितां निखाऱ्यांची लहान कांगडी फेरनच्या आंत धरून स्वतःस तापवितात. मात्र तिच्या नित्य चटक्यानें पोटाच्या व मांडीच्या कातडीस कर्करोग होतो, असेंहि वैद्यांस आढळून आलें आहे. तेव्हां तत्त्व घ्यावें, निखारा घेऊं नये.

निजलेला प्रौढ मनुष्य स्वतःच सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देत असतो. खोलींत चौघे निजले तर तीनशें वॅटचा हीटर रात्रभर फुकट चालूं आहे असें समजण्यास हरकत नाहीं; ती उष्णता अडवून ठेवणें एवढेंच काम उरतें. गोधडी ऊब निर्माण करीत नाहीं. तिच्या थराथरांत अडकलेली स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून एका जड पांघरुणापेक्षां दोन हलकीं बरीं. दख्खनी मेंढीच्या लोंकरीची घोंगडी अंगास खरखरीत लागते खरी, पण ती अंगाखालीं घातली तर तिची योग्यता कळते. पुष्कळजण वर तीन पांघरुणें घेतात आणि खालीं नुसती चटई, किंवा सुंभाची उघडी बाज! ऊब खालूनहि जाते, हें ते विसरतात. गांवीं गादीखालीं भाताचा सुका पेंढा पसरण्याची चाल यासाठींच पडली.

कुर्ल्यांतील कित्येक घरांवर पत्रा आहे, त्यांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. निरभ्र रात्रीं पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेंकून हवेपेक्षांहि थंड होतो, आणि पहाटें आंतून दंव ठिबकतें. पत्र्याखालीं हातभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा जाड कापड ताणलें तर हिंवाळ्यांत ऊब टिकते व उन्हाळ्यांत तापहि कमी होतो. हा खर्च एकदांच करावा लागतो.

बाळाविषयीं. १९७८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरांत एडगर रे या डॉक्टरांनीं, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या तेव्हां, कमी वजनाचीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं धरून वर कपडा गुंडाळण्याची रीत सुरू केली. ती पुढें जगभर मान्य झाली. तान्ह्याची पुष्कळशी ऊब डोक्यावाटे जाते, म्हणून जागेपणीं आईच्या कुशींत असतां टोपडें असावें. दुपटें कोरडें असावें, आणि भिजलें कीं लगेच बदलावें. कुर्ल्याच्या थंडीस याहून अधिक कांहीं लागत नाहीं. बाळंतिणीस शेक द्यावयाचाच असेल तर तव्यावर गरम केलेल्या फडक्यानें किंवा पिशवीनें द्यावा. धुरी हवी असेल तर दार-खिडकी उघडून, थोडा वेळ, आणि शेगडी लगेच बाहेर.

निफाडची गोष्ट निराळी. तेथें कांहीं वर्षीं पारा पांच अंशांखालीं उतरतो, आणि द्राक्षाच्या मण्यांची वाढ खुंटूं नये म्हणून बागाईतदार पहाटें मळ्यांत शेकोट्या पेटवितात. मोकळ्या आकाशाखालीं ती शेकोटी ठीकच आहे. घरांत मात्र तेथेंहि वरील क्रमच धरावा: आधीं दारांच्या फटी, मग अंथरूण, मग गरम पाणी; त्यांतूनहि म्हाताऱ्या माणसास हीटर लागलाच तर निजण्यापूर्वीं अर्धा तास. जाड मातीच्या भिंतींचें जुनें घर मोडून तेथें पत्र्याचें घर बांधण्याची हौस अलीकडे वाढली आहे. तशी भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्रीं तें आंत सोडते, ही फुकटची शेगडी आपण आपल्या हातानें पाडतों. जळणासाठीं गोवऱ्या वापरण्याविषयीं या पानांत पुन्हां लिहिण्याची आवश्यकता नाहीं. शेणांतील नत्र चुलींतून धुरावाटे जातें आणि शेताच्या वांट्यास राख तेवढी येते.

बंद खोलींत शेगडी, स्टोव्ह किंवा गॅस पेटलेला असून एकाहून अधिक माणसांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें, तर तो पडसें-ताप नव्हे असें धरून चालावें. प्रथम दार-खिडक्या उघडाव्या, सर्वांस बाहेर मोकळ्या हवेंत न्यावें, आणि मगच विस्तव विझवावा. कोणी बेशुद्ध असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व विस्तव पेटलेला होता हें डॉक्टरांस आधीं सांगावें. बोटास लावण्याचें प्राणवायु मोजण्याचें साधें यंत्र या विषबाधेंत फसवा आंकडा दाखवितें, त्यावर विसंबूं नये.

आमची शेगडी परत निफाडास आली. ती सध्यां ओसरीवर असते, आणि आमच्या सौभाग्यवती तिच्यावर सकाळीं स्नानाचें पाणी तापवितात.