सेंद्रिय मध आणि शेजाऱ्याचें शेत

मध कोणाचा, असें विचारल्यास 'ज्याची पेटी त्याचा' हें उत्तर सहज येईल. परंतु ज्या फुलांतून तो मध आला, तीं फुलें बहुधा दुसऱ्याच्याच शेतांत असतात. सेंद्रिय मधाचा विचार करितांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. या धंद्याची सारी अडचण तिच्यांतच आहे आणि, आमच्या मतें, त्याचा मोठा लाभही तिच्यांतच आहे.

सेंद्रिय रीतीनें माशा पाळणें म्हणजे काय ? पेटी साध्या लाकडाची असावी. माशांना रोग होऊं नये म्हणून औषधें पाजूं नयेत. मधाच्या हंगामांत साखरेचा पाक देऊं नये. पोळ्यांतील घरें मेणानें बंद झाल्यावरच मध काढावा, व तो यंत्रांत फिरवून काढावा, म्हणजे पोळें शाबूत राहतें व पिलें मरत नाहींत. एवढें माणसाच्या हातचें आहे. माशीनें चरावयास कोठें जावें, हें मात्र त्याच्या हातीं नाहीं. युरोपीय संघाचा नियम असा कीं, पेटीच्या भोंवतीं 3 किलोमीटरपर्यंत माशांच्या चाऱ्याचीं झाडें व पिकें मुख्यतः रानटी किंवा सेंद्रिय असावीं. हिशेब केल्यास हें क्षेत्र सुमारें 28 चौरस किलोमीटर भरतें ! मंचरच्या भोंवतीं कांदा, बटाटा व तरकारी यांवर वारंवार फवारे मारिले जातात; तेथें एवढी स्वच्छ जमीन कोठून आणावी ? म्हणून तेथील मळ्यांत पेटी ठेवून बाटलीवर 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावणारानें आधीं आपल्या मनास विचारावें.

पश्चिमेकडील गोष्ट निराळी. घोडेगांव मागें टाकून भीमाशंकराच्या डोंगराकडे गेलें म्हणजे हिरडा व जांभूळ यांचीं झाडें लागतात, आणि कित्येक वर्षांनीं एकदांच बहरणारी कारवीही भेटते. अशा ठिकाणीं सेंद्रिय मधाची आशा धरितां येईल. मात्र अभयारण्याच्या हद्दींत वनखात्याच्या परवानगीवांचून कांहीं करूं नये. आग्या माशी उघड्यावर एकच थोरलें पोळें बांधते व पेटींत राहत नाहीं. तिचें पोळें जाळून मध काढण्याची रीत आम्हांस अगदीं नापसंत आहे. घटकाभरांत हजारों माशा मरतात. सातेरी माशी ढोलींत, अंधारांत, शेजारीं शेजारीं अनेक पोळीं बांधते, म्हणून ती पेटींत नांदते. परदेशी मेलिफेरा मध अधिक देते खरी, पण व्हॅरोआ नांवाची कीड तिला फार छळते. सातेरी ती कीड आपल्या अंगावरून पुष्कळशी स्वतःच काढून टाकिते. औषधावांचून पाळावयास तीच बरी.

महाबळेश्वराजवळील मांघर हें 2022 सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, तेंही डोंगरांतलेंच. ज्यांस हा धंदा शिकावयाचा आहे त्यांनीं महाबळेश्वरच्या मध संचालनालयांत, अथवा 1962 सालीं पुण्यास स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेंत चौकशी करावी.

मधाच्या गुणांविषयीं थोडें सांगतों. कोमट पाण्यांतून घेतल्यास खोकल्यास आराम पडतो. थंडींत मध थिजला म्हणून तो भेसळीचा ठरत नाहीं. मधुमेह्यानें मात्र मध ही साखरच समजावी. आणि वर्षाच्या आंतील तान्ह्या बाळास तो मुळींच चाटवूं नये, मग तो कितीही शुद्ध असो. त्यांत कधीं कधीं जे सूक्ष्म जंतू असतात, त्यांपासून बाळाचें दुखणें जिवावर बेततें. जन्मतांच मध चाटविण्याची चाल आमच्या घराघरांतून आहे, म्हणून हें आम्ही मुद्दाम लिहितों.

आतां मंचरच्या शेतकऱ्यास माशांचा उपयोग काय ? काकडी, दोडका, भोपळा यांचीं नर व मादी फुलें वेगळीं असतात. माशीनें पराग नेला नाहीं तर फळ धरत नाहीं, किंवा वेडेंवांकडें वाढतें. बियाण्यासाठीं राखलेल्या कांद्याचेंही तसेंच. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं काकडीचा मळा ऐन फुलांत असतां सकाळीं आठ वाजतां फवारला. दुपारपर्यंत शेजाऱ्याच्या दोन्ही पेट्यांपुढें माशांचा सडा पडला. शेजारी रागावला, तेव्हां हे म्हणाले, "दादा, शेत माझें, फवारा माझा, मीं तुमच्या पेटीला हात तरी लाविला काय?" पुढें त्यांच्या काकड्या वांकड्या निघूं लागल्या, व बाजारांत त्यांस कोणी विचारीना. पंधरा दिवस दोघांचें बोलणें नव्हतें. शेवटीं हेच उठून शेजाऱ्याच्या ओट्यावर गेले.

हल्लीं ते फुलांच्या दिवसांत शक्य तों फवारीत नाहींत. फवारावेंच लागलें तर दिवस मावळल्यावर, माशा घरीं परतल्यावर फवारतात, व आदल्या दिवशीं शेजाऱ्यास निरोप धाडतात. तोही रात्रीं पेटीचें दार जाळीनें बंद करितो, आणि सकाळीं मळ्यांतील औषध वाळल्याचें स्वतः पाहून मगच तें उघडतो.