तेरवी झाली की कागद येतो

बापाची तेरवी आटोपली आणि भाऊ म्हणाला, "चाल, तालुक्याले जाऊन येऊ, वारस नोंदीची सही राह्यली," तर बायांनो, गाडीत बसायच्या आधी एक लक्षात घ्या. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जावं लागत नाही. ती नोंद तलाठ्याकडे होते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच.) जिथे कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि मशीनवर अंगठा ठेवायला लावतात, तिथे वारस नोंद होत नसते. तिथे दस्त नोंदवला जात असतो.

आमच्याकडे हेच झालं. दिग्रस रोडवरचं आमचं गाव. बाबांची वडिलोपार्जित जमीन, आणि त्यांनी स्वतः घेतलेलं चार एकर वावर. त्या दिवशी आईला आणि मला गाडीत बसवून नेलं. दस्तलेखकाकडे कागद छापून तयार होता. मी वाचायला मागितला तर भाऊ म्हणतो, "वाचून काय करतं? सरकारी भाषा आहे ते." मी शाळेत शिकवते, सरकारी भाषा मला वाचता येते. दुसऱ्या पानावर होतं: लिहून देणार यांनी आपला हक्क, हिस्सा व हितसंबंध कोणताही मोबदला न घेता राजीखुशीने कायमचा सोडून दिला आहे. ते हक्कसोडपत्र होतं. आणि लिहून देणार क्रमांक एक होती आमची आई.

माझ्या नावाचं मी गिळलं असतं. खोटं कशाला बोलू, माझा पगार चालू आहे. पण आईचं नाव पाहिलं आणि पाय जागच्या जागी थंड पडले. जन्मभर जिने त्या वावरात कापूस वेचला, तिचा चष्मा घरी राहिलेला, आणि ती पेन हातात धरून बसलेली. "कुठं करू रे सही?" असं पोरालाच विचारत होती. मी तिच्या हातातून पेन घेतलं. दस्तलेखक माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच त्याची फी बुडवली.

त्यानंतर भाऊ जे बोलला ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "पगार आहे न तुले, मंग वावर कायले पाह्यजे?" हे त्यातल्या त्यात सौम्य. राखी घेऊन येऊ नको, हेही ऐकवलं. गावात मात्र पसरलं की पोरगी हिस्सा मागायला आली. मी त्या दिवशी काहीच मागितलं नव्हतं. फक्त सही केली नाही. ज्यांनी तेव्हा माझ्याबद्दल तोंड वाकडं केलं, त्यांनी हे नीट वाचावं.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र नसेल तर माणसाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे सारखे वाटेकरी. म्हणजे आमच्या चार एकरांत आई, भाऊ, मोठी ताई आणि मी, चार हिस्से. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने आलं. त्या वेळी बाप जिवंत असो की नसो, हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात सांगितलं. "लग्नात दिलं तेच तुह्या हिस्स्याचं" हा हिशेब कोणत्याही कायद्यात नाही.

आता बाबांच्या मृत्युपत्राचं. होय, बाबांनी लिहून ठेवलं होतं. घर आणि घेतलेलं वावर आईच्या नावे, अगदी स्पष्ट शब्दांत, नोटरीचा लाल शिक्का मारून. पण साक्षीदाराची सही एकाच शेजाऱ्याची. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे दुसरा साक्षीदार नव्हे, असं आम्हाला वकिलांनी सांगितलं. भावाला हे आमच्या आधीच माहीत होतं. हिंदू उत्तराधिकार कायदा त्याच्या गावी नव्हता, पण मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात हे बरोबर पाठ होतं.

म्हणून ज्यांचे आईबाप हयात आहेत त्यांना सांगते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या, खर्च फार नाही. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्या, कारण पुढे कोर्टात त्यांच्यापैकी एकाला तरी उभं राहावं लागतं. गट नंबर, क्षेत्र, घर क्रमांक लिहा. "माझं सगळं हिला" एवढं पुरत नाही. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. मुंबईत २०२५ पर्यंत लागायचं तसं प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मंजुरी) आपल्या यवतमाळात आणावं लागत नाही, तेवढी एक सोय आहे.

बाबांच्या बँक खात्याला नॉमिनी म्हणून भावाचं नाव होतं, म्हणून तो खातं आपलंच समजून बसला. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने सांभाळायला. हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या विमा कायद्याबद्दल १९८३ मध्येच सांगून ठेवलं आहे. आणि सोसायटीच्या पीककर्जाची भीती दाखवली तर घाबरू नका. "हिस्सा पाह्यजे तर कर्जबी घे," हे आम्हीही ऐकलं. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तुमच्या पगाराला त्याची झळ नाही.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करा, दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा. मग मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ लावून सगळ्या वारसांच्या नावे नोंद करा. आधी नोंद, बाकीचं सगळं नंतर. वंशावळीत मुलींची नावं गाळली तर नाहीत ना, ते स्वतः बघा. नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केल्यावर जाग आली, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येतं. हिस्सा सोडायचाच असेल तर आईच्या नावे सोडा. भावाच्या नावे सोडायची काय घाई असते, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि सातबाऱ्यावर आईचं नाव म्हणजे नुसता मान नव्हे. पीककर्ज, पीक विमा, पीएम किसान, सीसीआयला कापूस विकायची नोंदणी, सगळीकडे आधी सातबारा मागतात. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या ५०५ विधवांशी बोलून पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायांच्या नावे त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. आमचा प्रसंग तसा नाही, बाबा आजाराने गेले. पण नाव गाळायची रीत तीच.

माझ्या ताईची सही मात्र होऊन गेली होती. तिला आमच्या आधीच वेगळं नेऊन आणलं, फोटो, अंगठा, सगळं झालं. ती आम्हाला फोनवर म्हणाली होती, "वारस नोंदीचं झालं बाप्पा एकदाचं." फसवून घेतलेला दस्त रद्द करायचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. बायांना मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणते, "दिवाळीपर्यंत थांब, भाऊबीज होऊ दे."