गोदाकाठची देवळं: पाहुण्यांना काय दाखवावं?

प्रश्न : माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात असते. नुकतीच ती क्योटोला जाऊन आली आणि फोनवर तिथल्या देवळांबद्दलच बोलत होती. डोंगरावर देऊळ, गल्लीत देऊळ, पायी फिरावं तितकी देवळं! दिवाळीला ती गावी येणार आहे. "मावशी, आता मला आपल्याकडची दाखव," म्हणते. आमच्या पालमच्या आसपास असं देवळांचं जुनं शहर आहे का? दोन-तीन दिवसांत काय दाखवावं? सोबत सासूबाई असतील, त्यांना फार पायऱ्या झेपत नाहीत.
— एक वाचक, पालम, जि. परभणी

उत्तर : क्योटोत एवढी देवळं एकत्र आहेत, कारण इ.स. 794 पासून 1868 पर्यंत ती जपानची राजधानी होती. राजा, सरदार, धर्मगुरू, व्यापारी सगळ्यांनी हजार वर्षं एकाच खोऱ्यात देवळं बांधली. त्यातली आणि शेजारच्या उजी व ओत्सू गावांतली मिळून 17 ठिकाणं 1994 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आपल्याकडे तसं झालं नाही. यादवांची राजधानी देवगिरीला होती, पण देवळं उभी राहिली ती नदीच्या, व्यापारी वाटांच्या आणि बाजारपेठांच्या कडेने. त्यामुळे आपली देवळं एका शहरात सापडत नाहीत, ती गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यात विखुरली आहेत. तुम्ही पालमला राहता म्हणजे या देवळांच्या ऐन मुलखात राहता. तुमच्या तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे, तिथपासून दोन्ही बाजूंना नदी धरून निघालात तरी तीन दिवस पुरणार नाहीत.

भाचीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आपल्या भागातलं जुनं देऊळ एकटं बघायचं नसतं, त्याच्या पाण्यासकट बघायचं असतं. कुठे नदीचा घाट, कुठे बारव, कुठे कुंड. बांधणाऱ्यांनी देव आणि पाणी यांचा विचार एकत्रच केला होता. आज लोक गाडीतून उतरतात, नारळ फोडतात, फोटो काढतात आणि शेजारच्या बारवेत न डोकावताच परततात. मी सुचवतो ती सगळी ठिकाणं या एका सूत्राने निवडली आहेत.

पहिला दिवस गंगाखेड आणि धारासूरचा ठेवा. गंगाखेड तुम्हाला नवं नाही, पण भाचीला तिथे बाजारासाठी नेऊ नका, सकाळी लवकर घाटावर न्या. संत जनाबाईंचं हे गाव. लहानपणीच त्यांना पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी पाठवलं गेलं आणि दळण-कांडण, शेणी-झाडलोट करता करता त्यांनी अभंग रचले. देऊळ भव्य आहे का, हा प्रश्न इथे विचारूच नये. एका कष्टकरी बाईचं नाव सातशे वर्षं एका गावाने जपलं आहे, हेच बघण्यासारखं आहे. सासूबाईंनाही इथे त्रास नाही.

तिथून गंगाखेड तालुक्यातल्याच धारासूरला जा. गोदेच्या काठावर, उंच जोत्यावर गुप्तेश्वराचं देऊळ आहे. माझ्या मते परभणी जिल्ह्यातलं हे सगळ्यात देखणं देऊळ. खालचं बांधकाम काळ्या दगडाचं, वरचं शिखर विटांचं. यादवकाळातलं विटांचं शिखर आजवर तग धरून राहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला तासभर हाताशी ठेवा. या देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम राज्य पुरातत्त्व विभागाने हाती घेतलेलं आहे, म्हणून निघण्यापूर्वी गावात विचारून घ्या, की सध्या कितपत आत जाता येतं.

दुसरा दिवस बारवांचा. गंगाखेडहून परभणीला जाताना वाटेवर पिंगळी लागते. पिंगळेश्वराचं देऊळ आणि त्याची बारव बघून घ्या. पुढे सेलू तालुक्यातलं वालूर. इथल्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात. काठावर उभं राहून बघितलं तर दगडी पायऱ्यांचा भोवराच पाण्याकडे निघाल्यासारखा वाटतो. ही बारव गाळाने भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली, म्हणून आज आपल्याला दिसते. भाचीला ही हकीकत जरूर सांगा.

आणि मग चारठाणा. तुमच्या "देवळांचं जुनं शहर" या शब्दांना आपल्या जिल्ह्यात कुणी खरं उतरत असेल तर ते जिंतूर तालुक्यातलं हे गाव. गोकुळेश्वराचं देऊळ आणि त्यालगतची बारव, उकंडेश्वर, नृसिंहतीर्थ, शिवाय घराघरांच्या मधून, शेताच्या बांधावर डोकावणारे कोरीव खांब आणि मूर्ती. गावात एक उंच, कोरीव दगडी स्तंभ एकटाच उभा आहे. कुणी त्याला विजयस्तंभ म्हणतं, कुणी मानस्तंभ, कुणी दीपमाळ. इथे 360 देवळं आणि 360 विहिरी होत्या असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. आकडा परंपरेचा आहे, पण गावात दोन तास पायी फिरल्यावर तो का रूढ झाला ते कळतं. क्योटोसारखं पायी फिरायचं असेल तर ते इथेच. एखाद्या जाणत्या गावकऱ्याला सोबत घ्या, कारण निम्म्या गोष्टींना पाटीच नाही. मुक्काम परभणीला करा.

तिसऱ्या दिवशी औंढा नागनाथ, नर्सी आणि परतताना नांदेड. औंढ्याचं ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. उतरायची वाट अरुंद आणि ठेंगणी आहे. सासूबाईंना तिथे उतरवू नका, सभामंडपात बसून त्यांचं दर्शन होईल. देवळाचा खालचा भाग जुना, घडीव आणि मूर्तींनी भरलेला, तर वरचा भाग नंतरचा. वरचं काम अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं मानतात. नंदी समोर नाही, मागे आहे. नामदेवांना कीर्तनाला मागे जायला सांगितलं आणि देऊळच फिरलं, ही कथा सासूबाई तुमच्यापेक्षा चांगली सांगतील. त्यांनाच सांगू द्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 साली नर्सीचा. त्यांना गुरू भेटले, विसोबा खेचर, ते औंढ्याला. नामदेवांच्या घरात वाढलेल्या जनाबाई गंगाखेडच्या. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा होईपर्यंत ही तिन्ही गावं एकाच परभणी जिल्ह्यात होती. नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्या ग्रंथाला कायमचं गुरुपद मिळालं ते 1708 साली, गोदाकाठी, नांदेडला. गुरू गोविंदसिंगांनी तिथेच देह ठेवला. त्या जागेवरचं सचखंड हुजूर साहिब महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवलं. नर्सीच्या माणसाचे शब्द नांदेडला ऐकू येतात, आणि ही दोन्ही ठिकाणं एका दिवसाच्या फेरीत बसतात. देशात असा योग फार थोड्या ठिकाणी जुळून आला असेल.

प्रश्न : देवळात गेल्यावर नुसतं "छान आहे" म्हणून आम्ही परततो. कोरीवकाम बघायचं कसं?

उत्तर : खालून वर बघा. आधी जोतं, मग भिंत, मग शिखर. जोत्यावर आडवे थर असतात. कुठे हत्तींची रांग, कुठे माणसांची, कुठे नुसती पानाफुलांची नक्षी. भिंतीवरच्या सुरसुंदरी बघताना हातांकडे लक्ष द्या, म्हणजे कोण काय करते आहे ते उलगडत जातं. एक आरशात बघते, एक पायात नूपुर बांधते, एकीच्या हातावर पोपट, एक पत्र लिहिते, एकीच्या पदराला माकड झोंबतं आहे.

मग आत जा. खांब असे गुळगुळीत आणि गोल असतात की यंत्रावर फिरवल्यासारखे वाटतात. वर, जिथे खांब छताला भिडतो, तिथे चार बाजूंना चार बुटकी माणसं दिसतील. त्यांना कीचक म्हणतात. गुडघे दुमडून, दोन्ही हात वर करून त्यांनी छताचा भार तोलून धरला आहे. विजेरी घेऊन एकेकाचा चेहरा बघा. कुणाचे डोळे ताणलेले, कुणाचे गाल फुगलेले, कुणी चक्क हसतो आहे. पोट सुटलेलं, तरी गळ्यात माळ आहेच. एकाच देवळात शंभर कीचक असले तरी दोन सारखे सापडणं कठीण.

गाभाऱ्याच्या दाराच्या कपाळपट्टीवर, मधोमध, बहुतेक वेळा गणपती असतो. उंबरठ्यावर कीर्तिमुख असतं, त्यावर पाय देऊ नये. महादेवाचं देऊळ असेल तर बाहेरून गाभाऱ्याच्या अभिषेकाचं पाणी जिथून पडतं ती मोरी शोधा. तिला ओलांडायचं नाही, म्हणून महादेवाला अर्धी प्रदक्षिणा घालून परत फिरतात. पाण्याचा मान इथेही आहे.

देवळाजवळच्या पारावर उभे केलेले चौकोनी दगड दिसले तर तेही टाळू नका. ते वीरगळ असतात. सगळ्यात खाली लढाईत पडलेला माणूस, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तो आणि टोकाला चंद्र-सूर्य. त्या गावासाठी, बहुधा गाईगुरांसाठी किंवा वेशीवर, जीव दिलेल्या माणसाचं ते स्मारक आहे. असा दगड तुमच्या शेजारच्या गावातही असू शकतो.

प्रश्न : भाची म्हणते, जपानात आपले देव आहेत. हे खरं आहे का?

उत्तर : अगदी खरं आहे. बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे आपले बरेच देव जपानला पोहोचले. सरस्वती तिथे बेंझाइतेन झाली. तिच्या हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य असतं आणि तिची देवळं बहुधा तळ्याकाठी, बेटावर असतात. गणपतीला तिथे कांगितेन म्हणतात. क्योटोतलं सांजूसांगेन-दो हे देऊळ भाचीने बघितलं आहे का, ते विचारा. लांबी सुमारे 120 मीटर, आत करुणेची देवता कान्नोन हिच्या 1001 मूर्ती. पहिली इमारत 1164 सालची, ती जळाली. आजची 1266 ची, म्हणजे आपल्या यादवांच्याच काळातली. त्या मूर्तींपुढे 28 रक्षक देवता उभ्या आहेत. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मा आहे आणि चक्क बासरी वाजवणारा गरुडही आहे.

पाण्याचं सूत्र तिथेही आहे. क्योटोच्या कियोमिझू-देरा या देवळाची प्रसिद्धी त्याच्या उंच लाकडी सज्ज्यासाठी आहे, पण मूळ स्थान त्याखालच्या ओतोवा झऱ्याचं. आजही लोक तिथे रांगेत उभं राहून तीन धारांचं पाणी लांब दांड्याच्या पळीने पितात. जपानच्या शिंतो धर्माच्या देवस्थानात शिरताना दारातल्या कुंडावर हात धुऊन, चूळ भरूनच पुढे जायचं असतं. पाय धुऊन देवळात शिरणाऱ्या तुमच्या सासूबाईंना त्यात काही नवल वाटणार नाही.

फरक आहे तो सामानाचा. त्यांची देवळं लाकडाची. ती जळतात, पुन्हा बांधली जातात. क्योटोचं सुवर्णमंदिर 1950 साली जाळलं गेलं आणि 1955 साली पुन्हा उभं राहिलं. इसे इथलं महातीर्थ तर दर वीस वर्षांनी मुद्दाम नव्याने बांधतात, म्हणजे बांधणीची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते. आपण बेसाल्टमध्ये, चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून बांधलं. ते आठशे वर्षं टिकलं, पण टिकलंच आहे म्हणून आपण निर्धास्त झालो आणि ती बांधणी जाणणारे हात कमी होत गेले. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर ही काळजी शिकावी.

प्रश्न : जुन्या देवळांसाठी आमच्यासारख्या साध्या माणसांनी काय करावं?

उत्तर : आधी काय करू नये ते सांगतो. मूर्तींना आणि खांबांना ऑइल पेंट लावू नका, लावू देऊ नका. रंगाच्या जाड थराखाली कीचकाचा चेहरा बुजून जातो आणि रंग काढताना दगडाची वरची कातडी निघते. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, देवळाला टाइल्स नकोत. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर ओढून उपटू नका, मुळांबरोबर दगड सुटतात. राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. भंगलेली मूर्ती नदीत सोडण्याची पद्धत आहे, पण जुनी शिल्पं नदीत टाकू नका, देवळाच्या आवारातच सावलीत उभी करून ठेवा.

करण्यासारखं काम बारवेचं आहे. ते गावाच्या आवाक्यातलं आहे आणि वालूरने ते करून दाखवलं आहे. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेलं की गाळ काढता येतो. काढताना गाळात मूर्ती, शिलालेख असू शकतात, म्हणून जेसीबी लावू नका, घमेली-फावड्यांनीच काढा.

आणि एक काम भाची इथे असतानाच करा. सासूबाईंच्या माहेरच्या आणि सासरच्या गावातलं प्रत्येक जुनं देऊळ, बारव, वीरगळ, त्याचं स्थानिक नाव, त्याची कथा, तिथली जत्रा कोणत्या तिथीला भरते, हे सगळं त्यांच्याकडून एका वहीत उतरवून घ्या. सोबत फोटो काढा. क्योटोच्या अनेक देवळांची अशी नोंद शेकडो वर्षांची आहे. चारठाण्यासारख्या गावाची निम्मी माहिती अजून फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे आणि ती लिहून घ्यायला सगळ्यात योग्य माणूस त्यांच्याच घरातला असतो. वहीची एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीत. पुढे कुणी देवळाच्या दुरुस्तीसाठी अर्ज करील, तेव्हा हीच वही कामी येईल.